बदललेला भाग आणि आपली मोजपट्टी



धंद्याचा आढावा कार्यवाहांच्या अहवालात आलाच आहे, म्हणून मी एकाच विषयावर बोलणार आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या क्लचमधले भाग कंपनी मधूनच बदलते, तेव्हा ते बसवणाऱ्या आपण काय करायचे?

ऑटोमॅटिक गाडी ही काही कालची गोष्ट नाही. जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्ड्समोबिलमध्ये हायड्रामॅटिक गिअरबॉक्स दिला, त्याला आता आठ दशके उलटली. आपल्याकडे मात्र ती सर्रास रस्त्यावर आली ती अलीकडे, आणि ती येताना चार-पाच जातींची एकदमच आली. त्यातली एक जात मी आज उदाहरणाला घेतो, कारण ती बसवलेल्या गाड्या आपल्याच चाकणच्या कारखान्यातून निघतात: फोक्सवॅगन समूहाचा सात गिअरचा, कोरड्या दुहेरी क्लचचा डीएसजी, म्हणजे डीक्यू२००. तो २००८ साली आला. २०१३ साली पोलो जीटी टीएसआयमधूनही तो आपल्या गॅरेजांच्या दारात उभा राहिला, आणि आजही १.५ टीएसआयच्या गाड्यांत तो आहे.

यात दोन क्लच एकात एक बसवलेले असतात. के१ कडे पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा गिअर. के२ कडे दुसरा, चौथा, सहावा आणि रिव्हर्स. प्लेटांवर ऑइल नाही, हवाच त्यांना थंड करते. हिंजवडीच्या संध्याकाळच्या रांगेत गाडी फूट फूट पुढे सरकते, तेव्हा के१ सतत अर्धवट पकडीत घासत राहतो. गिऱ्हाईक येऊन सांगते, ‘पहिल्या-दुसऱ्याला थरथरते, झटका देते.’ बऱ्याचदा त्या तक्रारीचे मूळ इथेच असते.

आता मुद्द्याकडे येतो. या क्लचचे उत्पादन चालू असतानाच, २०११ च्या मध्यात, त्याला दाबणारे फोर्क आणि बेअरिंगे यांची रचना बदलली गेली. त्याआधीच्या गाडीचा संच वेगळा, त्यानंतरच्या गाडीचा वेगळा. बाहेरून पाहिले तर दोन्ही गिअरबॉक्स सारखेच दिसतात. काउंटरवर नुसते मॉडेलचे नाव सांगून भाग मागितला, तर चुकीचा संच हातात येऊ शकतो. जुना फोर्क ठेवायचा आणि बेअरिंग नवे घालायचे, ही काटकसर इथे परवडत नाही. फोर्क, बेअरिंग, शिम आणि क्लच हे एका मापाचे कुटुंब आहे. त्यातला एक बदलला की बाकीच्यांचे माप पुन्हा घ्यावे लागते.

हे माप कसे घेतात, ते तरुण मुलांसाठी सांगतो. बेअरिंगावर ठरलेले वजन ठेवायचे, म्हणजे ढिलाई निघून जाते. बेल हाउसिंगच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी ठेवायची आणि डायल गेजने खोली मोजायची. एका जागी मोजून थांबायचे नाही. बेअरिंग फिरवून तीन जागी मोजायचे आणि सरासरी काढायची. नव्या क्लचवर के१ आणि के२ साठी अधिक-उणे फरक छापलेला असतो, तो हिशेबात धरायचा. मग जो आकडा येईल, त्या जाडीची शिम संचातून निवडायची. के१ चे माप वेगळे, के२ चे वेगळे. इथे मिलिमीटरच्या दशांशाने गाडीचा स्वभाव बदलतो. आणि हात अंदाजाने कितीही सरावलेला असला, तरी हा फरक बोटांना कळत नाही.

क्लच शाफ्टवर दाबून बसतो. त्यासाठी आधाराचे टूल लागते, हातोडा नव्हे. ठोकून बसवला तर आतली झीज भरून काढणारी आपोआप-समायोजन यंत्रणा जागेवरून सरकू शकते, आणि गाडी सुरू होण्याआधीच नवा क्लच खराब होतो. शेवटी स्कॅनर लावून बेसिक सेटिंग करायचे, नंतर रस्त्यावर फेरी मारून गाडीला नवी पकड शिकवायची. पुष्कळ जण ही शेवटची पायरी वेळ नाही म्हणून गाळतात. गाडी दोन दिवसांत परत येते आणि दोष भागाच्या माथी बसतो.

तेलाचेही तसेच. नोव्हेंबर २०१३ मध्ये याच गिअरबॉक्सच्या जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या सिंथेटिक गिअर ऑइल काढून मिनरल ऑइल भरण्यासाठी परत बोलावल्या गेल्या. उष्ण, दमट हवेत जुन्या तेलामुळे विजेचा दोष उद्भवत होता. म्हणजे बदललेला भाग धातूचाच असतो असे नाही.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सवर काम करणाऱ्यांनी हे आपले नाही असे समजू नये. तिथे प्लेटा ओल्या. नव्या फ्रिक्शन प्लेटा बसवण्याआधी एटीएफमध्ये भिजवायच्या, पॅक जुळवला की फीलर गेजने प्ले तपासायचा, आणि हवा मारून पिस्टन सरकतो का, हे झाकण लावायच्या आधी पाहायचे. प्लेटांची संख्या किंवा जाडी कंपनीने बदलली असेल, तर जुन्या पॅकमधल्या स्टील प्लेटा तशाच पुढे चालवू नका.

हे सगळे कंपनीच्या कागदांत लिहिलेले असते. अडचण ही की ते कागद अधिकृत सर्व्हिस सेंटरपर्यंत पोहोचतात, बार्शीच्या किंवा चिपळूणच्या गॅरेजपर्यंत नाही. वॉरंटी संपलेली गाडी मात्र तिथेच येते. ज्याच्या हातात काम आहे, त्याच्या हातात कागद नाही, हे मला अन्यायाचे वाटते, आणि यात गिऱ्हाइकाच्या खिशाइतकेच त्याच्या जिवाचेही मोल आहे. घाटात के१ ने पकड सोडली, तर मागच्या ट्रकला थांबायला जागा नसते.

म्हणून दोन ठराव मी आपल्यापुढे ठेवतो. पहिला, प्रत्येक बदललेल्या क्लच संचाबरोबर मापांचा आणि पायऱ्यांचा मराठी कागद पेटीत असावा, अशी मागणी भाग बनवणाऱ्यांकडे आपण एकमुखाने करावी. दुसरा, तो येईपर्यंत आपणच तो तयार करावा. ज्याने एक संच नीट मापून बसवला, त्याने मापे, शिमांचे क्रमांक आणि गाडीचे वर्ष लिहून जिल्हा समितीकडे द्यावे. जेवणानंतरच्या सत्रात मागच्या मंडपात दोन्ही पिढ्यांचे फोर्क आणि बेअरिंगे टेबलावर मांडली आहेत. डायल गेजही आहे. शिकाऊ मुलांना पुढे बसू द्या आणि माप त्यांनाच घेऊ द्या.