अम्मीने समुद्र पाहिला

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, मी कळवणचा. नाशिक जिल्ह्याच्या वरच्या अंगाला, सुरगाणा आणि बागलाण यांच्या मधोमध आमचा तालुका. आमच्याकडे सप्तशृंगीचा गड आहे, गिरणा आहे, चणकापूरचं धरण आहे, आणि कांदा तर आहेच. समुद्र तेवढा नाही. गंमत अशी, की आमच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका मोठ्या आदिवासी जमातीचं नावच कोकणा. दुर्गादेवीच्या दुष्काळात त्यांचे पूर्वज कोकणातून घाट चढून वर आले, असं परंपरेने सांगतात. म्हणजे सहाशे वर्षं झाली. समुद्राकडचं नाव घेऊन माणसं इथे नांदतात आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी समुद्र पाहिलेला नाही. माझ्या अम्मीनेही नव्हता पाहिला. २०२५ च्या फेब्रुवारीत पाहिला, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. त्या चार दिवसांविषयी आज बोलणार आहे.

आम्ही मण्यार. अब्बा बांगड्यांचं दुकान लावायचे. बुधवारी इथे, मंगळवारी तिथे असा आठवडे बाजारांचा फेरा, आणि चैत्रात गडाची यात्रा. खानदेशातून पायी आलेल्या बायका देवीचं दर्शन घेऊन खाली उतरल्या, की त्यांच्या हातात हिरवा चुडा अब्बांनी भरायचा. अम्मी मागे बसून मापं काढायची. मनगट नुसतं पाहून ती सांगते, सव्वादोन की अडीच. आजही चुकत नाही.

१९८३ साली अब्बा हजला गेले. त्या काळी सामान्य माणूस जहाजानेच जायचा. मुंबईला क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात मुक्काम, मग गोदीतून मोगल लाइनचं 'अकबर' जहाज, आणि आठवडाभर पाणीच पाणी. पैसे एकाच माणसापुरते जमले होते. 'पुढच्या वेळी दोघं जाऊ,' असं अब्बा अम्मीला म्हणाले. काका त्यांना पोचवायला मुंबईला गेले. मी तेरा वर्षांचा होतो, मला नेलं नाही.

परत आल्यावर अब्बांकडे लोक मक्का-मदिनेच्या गोष्टी ऐकायला यायचे. त्या ते सांगतच. पण आम्हा पोरांना सांगायचे ते जहाजाचं. भर समुद्रात मोठे मासे जहाजाशी शर्यत लावतात, पाण्याबाहेर उडी घेऊन अंगाभोवती गिरकी घेतात, आणि दमले की हसतात. आम्ही खो खो हसायचो. अम्मी म्हणायची, 'हाजी होके भी झूठ!' ती 'पुढची वेळ' आलीच नाही. हजची जहाजं १९९५ मध्ये बंद झाली. अब्बा त्यानंतर वर्षभरात गेले.

आता माझी गोष्ट. मी बी. ए. झालो, पतसंस्थेत कारकून म्हणून लागलो आणि कविता लिहू लागलो. पहिला संग्रह काढायचा तर पदरचे पैसे घालावे लागतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. अम्मीने तिच्या दोन सोन्याच्या पाटल्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. त्या कशासाठी राखून ठेवल्या होत्या, हे मला माहीत होतं. तरी मी त्या घेतल्या. त्या संग्रहात समुद्रावर एक लांबलचक कविता होती. त्यात समुद्र गर्जत होता, खवळत होता, क्षितिजावर डोकं आपटत होता. मी तेव्हा समुद्र पाहिलेला नव्हता! महिन्याभरात दापोली तालुक्यातून एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं. मजकूर असा होता : 'आपण समुद्र पाहिलेला दिसत नाही. तो रोज गर्जत नसतो. बहुतेक वेळ तो नुसता श्वास घेतो.' ते कार्ड मी कुणालाच दाखवलं नाही. पुढे कविसंमेलनांच्या निमित्ताने मुंबईला गेलो, कठड्यावर बसून समुद्र पाहिला. पण त्या कार्डाला उत्तर लिहायचं धाडस झालं नाही.

आज हाताशी पैसे आहेत, तर अम्मीला गुडघे राहिले नाहीत. डॉक्टरांनी मोठ्या प्रवासाला नाही म्हणून सांगितलंय. मागे पुतण्याने एक टूम काढली होती. २०१८ मध्ये 'आंग्रिया' नावाची क्रूझ मुंबई-गोवा सुरू झाली, तेव्हा पेपरातले फोटो पाहून तो म्हणाला, 'आजीला यातून फिरवू.' भाडं ऐकून आजीच म्हणाली, 'उतने में तो दुकान भर जाएगी.' मग आम्ही गरिबाची क्रूझ ठरवली. कोकणच्या खाड्यांवर आता फेरीबोटी चालतात. लोक तिला जंगल जेट्टी म्हणतात. माणसं, मोटारी, एसटी, सगळं पोटात घेते आणि पलीकडे सोडते. किनाऱ्याने गाडी हाकायची, खाडी आली की बोटीत चढायचं, आणि वाटेत जिथे अम्मी म्हणेल तिथे वाळूत बसायचं.

एके काळी हा अख्खा किनारा आगबोटीवर जगत होता. मुंबईहून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करत पणजी गाठायची. बऱ्याच ठिकाणी तिला धक्काच नसायचा. ती बंदराबाहेर उभी राहायची आणि माणसं पडावात उतरायची, पोरं, ट्रंका, फणस सगळ्यांसकट. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या दिवशी आषाढी अमावास्या होती. स्वातंत्र्याला महिनासुद्धा उरला नव्हता. तरीही बोटी पुढे चाळीस वर्षं चालल्या, कारण दुसरी वाट सोयीची नव्हती. मग रस्ते सुधारले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, आणि बोटीच्या गोष्टी म्हाताऱ्यांकडे उरल्या.

श्रीवर्धनला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. मला वाटलं, समुद्र पाहून अम्मी काहीतरी बोलेल. कवी असला की माणूस अशा क्षणांची उगाच वाट पाहतो. अम्मीने चप्पल काढली, माझा हात धरून पाण्यापर्यंत गेली, वाकून ओंजळभर पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकली. 'खारा है. सच्ची में खारा है.' बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याला फेरीबोटीत चढलो. सावित्रीची खाडी, पलीकडे वेसवी, तिथून वेळास जवळ. बोट हलली तशी अम्मीने डोळे मिटून घेतले. अर्ध्यात गेल्यावर उघडले आणि विचारलं, 'चालू हुई क्या?' बोटीवरची माणसं हसली. एका बाईने तिला बसायला स्वतःची पिशवी दिली. ती बाई बाणकोटकडची, आमच्यातलीच. पण घरातल्या पोराशी ती बोलत होती कोकणी मराठीत. अम्मी चकितच झाली. आमच्या घरात दखनी, बाहेर मराठी आणि अहिराणी. तिने मला कोपराने ढोसलं, 'ये लोगां घर में भी मराठीच बोलते!' मुसलमान असून मराठीत कसं लिहिता, असं मला तीस वर्षं विचारलं जातंय. त्या प्रश्नाला मी आजवर लांबलचक उत्तरं देत आलो. त्या बाईला तो कुणी विचारत नसावं.

वेळास हे नाना फडणवीसांचं गाव. आता ते ओळखलं जातं कासवांमुळे. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. पूर्वी ही अंडी माणसं काढून न्यायची, उरलेली कोल्ही-कुत्री खायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांना हाताशी धरलं. अंडी कुंपणाच्या आत वाळूत पुरायची, राखण करायची, आणि पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर आली की समुद्रात सोडायची. २००६ पासून तिथे कासव महोत्सव भरू लागला. बघायला येणारे गावातल्याच घरांत उतरतात, तिथेच जेवतात. अंड्यांपेक्षा पिल्लांतून जास्त पैसा मिळतो, हे गावाला उमगलं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निपजतात आणि थंड राहिली तर नर, हेही मला तिथेच कळलं.

सकाळी सातच्या सुमारास दोरीच्या अलीकडे सगळे बसले. कार्यकर्त्याने टोपली अलगद उचलली. तळहातावर मावतील एवढी अकरा पिल्लं. पाण्याच्या दिशेने वल्ह्यासारखे हात मारत निघाली. लाट यायची, पिल्लू उलटं मागे फेकलं जायचं, पुन्हा चालू लागायचं. अम्मीने कार्यकर्त्याला विचारलं, 'यांची आई कुठे आहे?' तो म्हणाला, 'आजी, आई अंडी घालून तेव्हाच गेली. ती परत बघत नाही.' मग त्याने 'प्रथमा'ची हकिगत सांगितली. जानेवारी २०२२ मध्ये याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं होतं, तिचं ते नाव. २०२३ मध्ये गुहागरला 'बागेश्री'ला यंत्र लावलं, तर ती श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. आणि ओडिशात २०२१ मध्ये पट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली. म्हणजे देशाला अर्धी प्रदक्षिणा! अम्मी सगळं ऐकून म्हणाली, 'बिना पासपोर्ट.' 

पुढे केळशी, तिथे याकूबबाबांचा दर्गा. मग आंजर्ले, आणि संध्याकाळी हर्णैला मासळीचा लिलाव. पाण्यात सुवर्णदुर्ग, वाळूत बैलगाड्या, आणि कोळणींचा तो गलका! आम्ही दोघं बाप-लेकासारखे पुतण्या आणि मी मासे बघत होतो, अम्मी मनगटं बघत होती. 'इन की कलाई मजबूत. अडीच से कम एक नहीं.'

तिसऱ्या दिवशी पहाटे डॉल्फिन बघायला होडी केली. याबाबत माझी एक तक्रार आहे. कुठे पाठ दिसली की चार-पाच होड्या इंजिन फुंकत तिकडे धावतात, पर्यटक ओरडतात, आणि प्राणी बिचारा बुडी मारून दूर जातो. आमचा नावाडी शहाणा निघाला. तो आडबाजूला गेला, इंजिन बंद केलं आणि म्हणाला, 'आता गप बसा.' दहा मिनिटं काहीच घडलं नाही. पाणी होडीला चाटत होतं. श्रोतेहो, त्या दहा मिनिटांत मला ते पोस्टकार्ड आठवलं. समुद्र खरोखरच नुसता श्वास घेत होता.

मग डावीकडे 'फुस्' असा आवाज झाला. राखाडी पाठ, त्यावर कुबड, लहानसा पर, आणि गडप. मग आणखी एक, सोबत पिल्लू. किनाऱ्याजवळचे हे कुबडवाले डॉल्फिन जरा लाजरेच. नावाडी अम्मीला म्हणाला, 'हे उडी कमी मारतात आजी. खोल पाण्यात दुसरी जात आहे, ते उडी घेऊन भिंगरीसारखे गरगर फिरतात. मोठ्या बोटीच्या पुढे पुढे पळतात.'

अम्मीने त्याला पुन्हा सांगायला लावलं. त्याने हाताने गिरकी करून दाखवली. ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, 'तेरे अब्बा झूठ नहीं बोले थे.' चाळीस वर्षं आम्ही त्या माणसाला हसलो होतो.

शेवटचा टप्पा दाभोळ. वाशिष्ठीच्या मुखावरचं हे बंदर एके काळी फार मोठं होतं. रशियन प्रवासी निकितिन पंधराव्या शतकात इथूनच जहाजात बसून परतीला लागला. फेरीच्या धक्क्याजवळ काळ्या दगडाची, विजापुरी घाटाची देखणी मशीद आहे. लोक तिला अंडा मशीद म्हणतात. तिची कथा अशी सांगतात. विजापूरची शहजादी आयेशाबीबी, तिला माँसाहेबा म्हणत, हजला जायला लवाजम्यासह दाभोळला आली. पण समुद्रावर चाचे फार, जहाज पुढे जाईना. मग वाटखर्चासाठी आणलेलं धन तिने इथेच खर्च केलं आणि १६५९-६० मध्ये ही मशीद उभी राहिली.

मी हे सगळं वाचून आलो होतो. तरी अम्मीला सांगू की नको, असं झालं. मी न सांगितलेलंच बरं होतं, पण तिथल्या एका म्हाताऱ्याने सांगून टाकलं. अम्मी पायरीवर बसली होती. तिने विचारलं, 'मग ती गेलीच नाही?' म्हातारा म्हणाला, 'नाही गेली.' अम्मीने दगडावरून हात फिरवला. मला मान वर करून तिच्याकडे बघवेना. मी म्हणालो, 'अम्मी, त्या पाटल्या...' तिने मला वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हणाली, 'किताब अच्छी थी. मेरे को पढ़ के कोई सुनाया नहीं, वो अलग बात.'

पंचवीस वर्षांत मी तिला एकही कविता वाचून दाखवली नव्हती.

पुतण्याला चिपळूणकडे खाडीतल्या मगरी बघायच्या होत्या. अम्मीने साफ नकार दिला. कासव ठीक, मगर कशाला? धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीत मी तिला ती समुद्राची कविता आठवेल तशी म्हणून दाखवली. इंजिनाच्या आवाजात ओरडावं लागत होतं. तिने ऐकून घेतली. म्हणाली, 'इत्ता गुस्सा काय को था उस को?' 

दोन दिवसांनी घरी आलो. रमजान तोंडावर आला होता. बाजाराला निघालो तर अम्मीने गिरणेच्या पुलावर रिक्षा थांबवली. नदीत थोडंसं पाणी होतं. विचारलं, हे कुठे जातं? मी म्हणालो, 'जळगाव जिल्ह्यात तापीला मिळतं आणि तापी सुरतेला समुद्रात.' 

'सुरत?' ती म्हणाली. 'पहले हाजी लोगां वहीं से जाते थे. तेरे अब्बा बताए थे.' अब्बांचं हेही खरंच. मुघलांच्या काळात हजची जहाजं सुरतेहूनच सुटत.

ती कठड्यापाशी थोडा वेळ उभी राहिली. मग रिक्षावाल्याला म्हणाली, 'चल बेटा, बाजार उठ जाएगा.'