मोटारीला घाट कुठला?



आमच्या जुन्नर-आंबेगावात ‘घाट’ हा शब्द तीन अर्थांनी चालतो. पहिला माळशेजचा घाट. मढवरून कल्याणच्या रस्त्याला लागलात की तो येतो. दुसरा गावच्या यात्रेतला घाट, ज्याच्यावर बैलगाडे पळतात. तिसरा वडीलधाऱ्यांच्या तोंडचा, ‘हा कसला नसता घाट घातलास?’ आज मी मोटारींविषयी बोलणार आहे, पण या तिन्ही घाटांतून जाणार आहे.

हल्ली तरुण मुलांना एक छंद लागला आहे. सेकंडहँड गाडी घ्यायची आणि तिची स्पोर्ट्‌स कार करायची. माझा भाचा त्यातलाच. पगारातून पैसे साठवून त्याने आधी रुंद चाकं बसवली, मग गर्जना करणारा सायलेन्सर. मग स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली. आता इंजिनाच्या संगणकात फेरफार करून ताकद वाढवायची आहे. ‘मामू, मग बघा कशी पळते!’ असं म्हणताना त्याचा चेहरा खुलतो. माझी बहीण म्हणते, नसता घाट घातलाय पोराने.

मला या छंदाचा राग येत नाही. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण हा मुलगा रात्री दिव्याखाली इंजिन उघडून बसतो, हवा आणि इंधन यांचं प्रमाण मला समजावून सांगतो, तेव्हा हे शिक्षणच आहे असं वाटतं. असा छंद माणसाला कुठे नेईल ते सांगता येत नाही. पुण्याच्या सायरस पूनावाला यांनी तरुणपणी शाळेतल्या एका मित्राबरोबर स्पोर्ट्‌स कारचा नमुना बनवला होता. जॅग्वारच्या डी-टाइप गाडीच्या धर्तीवरचा, सुमारे १२० डॉलर खर्चाचा. पण अशा गाड्या विकायला काढायच्या तर भांडवल अफाट लागणार, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग मूठभरांसाठी नव्हे, तर सर्वसामान्यांना लागेल असं काही करायचं त्यांनी ठरवलं. घरी घोड्यांचा स्टड होता आणि घोड्यांच्या रक्तापासून सीरम तयार होतं. १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. पुढचं आपल्याला ठाऊक आहे.

पण त्या जॅग्वारची एक गोष्ट आमच्या मुलांनी ऐकावी अशी आहे. डी-टाइपची थोरली बहीण म्हणजे सी-टाइप. फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत तिने १९५३ साली जिंकली. तिच्याहून दमदार इंजिनाच्या गाड्या त्या शर्यतीत होत्या. जॅग्वारकडे होते डिस्क ब्रेक. बाकीच्यांना वळणाच्या बऱ्याच आधी वेग कमी करावा लागे, हिला तो उशिरा कमी करता येई. म्हणजे ती जिंकली ती ब्रेकच्या भरवशावर. १९६१ साली जॉन कूपर यांच्या मदतीने छोट्या मिनी गाडीचं इंजिन ३४ अश्वशक्तीवरून ५५ वर नेण्यात आलं, तेव्हा पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही बसवण्यात आले. ताकद वाढवणाऱ्याने थांबण्याची सोय आधी पाहिली.

आमच्याकडे क्रम उलटा होतो. जे दिसतं आणि ऐकू येतं ते आधी. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. माळशेज उतरताना सारखा ब्रेक दाबला तर तो तापतो. फार तापला तर ब्रेकचं तेल उकळतं, त्यात वाफ धरते आणि पेडल पोकळ लागतं. कापलेल्या स्प्रिंगला खड्ड्यात दबायला जागा उरत नाही, चाक रस्ता सोडतं. पावसाळ्यात तिथे धुकं असतं, धबधब्याचं पाणी डांबरावर येतं आणि त्याच पाण्यात लोक लेकरं घेऊन भिजत उभे असतात. त्यांच्यापैकी कुणी शर्यतीत नाव दिलेलं नसतं.

उर्दू शायरीत शागिर्द आपली गझल उस्तादाला दाखवतो. उस्ताद दुरुस्ती करतो, तिला ‘इस्लाह’ म्हणतात. गॅरेजातही उस्ताद-शागिर्द हेच शब्द आहेत. इस्लाह म्हणजे शेराला झालर लावणं नव्हे. तो जिथे लंगडतो तिथे सावरणं. भाच्याच्या गॅरेजातले उस्तादही तेच सांगतात : आधी टायर, मग ब्रेक, मग शॉक अॅब्सॉर्बर आणि सगळ्यात शेवटी इंजिन.

कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाजोगते बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण नुसत्या दंडाने छंद मरत नाही, तो रात्रीच्या रस्त्यावर जातो. आणि आमच्याकडे रात्रीचा रस्ता म्हणजे माळशेजचा घाट.

आता दुसऱ्या घाटाकडे वळू. आमच्या भागात शर्यतीचा गाडा म्हणजे शेतावरची बैलगाडी नव्हे. तो हलका, फक्त पळण्यासाठी बनवलेला. एका अर्थी तीही स्पोर्ट्‌स कारच! २०१४ साली या शर्यतींवर बंदी आली. गाडामालक वर्षानुवर्षं झगडले. राज्याने २०१७ साली कायदा केला, डिसेंबर २०२१मध्ये न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने कायदा वैध ठरवला. बैलांच्या छळाविषयीचे आक्षेप आजही आहेत, ते ऐकलेच पाहिजेत. पण गाडा कुठे पळवायचा, कुठल्या अटींवर, हे ठरलं आहे. निशाणापर्यंत लागलेले सेकंद मोजले जातात. एसटीच्या रस्त्यावर कुणी गाडा सोडत नाही.

मोटारीला असा घाट कुठला? चेन्नईजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर अनेक वर्षं मोटारींच्या शर्यती झाल्या. आमच्या कोल्हापुरात कार्टिंगच्या स्पर्धा झाल्या. अब्जावधींचा ट्रॅक मी मागत नाही. कुंपण घातलेली एखादी पट्टी, महिन्यातला एक रविवार, गाडी तपासणारा जाणता उस्ताद, डोक्यावर हेल्मेट आणि दाराशी रुग्णवाहिका. ब्रेक तपासल्याशिवाय गाडी आत सोडायची नाही. यात्रा कमिट्या चालवणाऱ्या आपल्या गावांना एवढं अवघड नाही. सरकारने परवानगीची वाट मोकळी करून द्यावी.

आणि मुलांनो, तोपर्यंत माळशेज हा तुमचा घाट नाही. तो दुधाच्या टेम्पोचा, एसटीचा आणि पाऊस बघायला आलेल्या लेकरांचा आहे. हौस जरूर करा. पण पुढचा पगार हातात येईल तेव्हा सायलेन्सरच्या दुकानात जाण्याआधी ब्रेक पॅड बदलून घ्या.