जागल्याची हाळी आणि प्रसारमाध्यमे



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते प्रार्थनेनंतर आम्हा मुलांकडून वर्तमानपत्र मोठ्याने वाचून घेत. मनात वाचलेली बातमी एकट्याची राहते, मोठ्याने वाचली की ती वर्गाची होते, असे त्यांचे म्हणणे असे. आजचा विषय निवडताना मला त्यांचीच आठवण झाली.

आपल्याच संस्थेतील गैरव्यवहार उघड करणाऱ्या माणसाला इंग्रजीत ‘व्हिसलब्लोअर’ म्हणतात. मराठी वृत्तपत्रांनी त्यासाठी ‘जागल्या’ हा जुना शब्द योजला. ही योजना मला फार समर्पक वाटते. शिट्टी काय, मैदानावरचा पंचही फुंकतो! जागल्या मात्र गावाचा असतो. रात्री गस्त घालून हाळी देणे हे त्याचे काम, आणि त्याच्या पोटाची व्यवस्था पाहणे हे गावाचे. शब्दार्थाचा हा दुसरा अर्धा भाग आपण सोयीस्करपणे विसरलो आहोत.

ही हाळी दूरवर पोहोचवण्याची शक्ती आज रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांच्याकडे आहे. पण ते कितपत सोपे आहे, हे अमेरिकेतील जेफ्री वायगँड यांच्या प्रकरणावरून दिसते. ते ब्राऊन अँड विल्यमसन या सिगारेट कंपनीत संशोधन विभागाचे उपाध्यक्ष होते. १९९३ साली त्यांना कामावरून काढण्यात आले. निकोटिनचे व्यसन लागते हे कंपनीला ठाऊक होते, असे त्यांनी १९९५ मध्ये सीबीएस वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमासाठी माईक वॉलेस यांना कॅमेऱ्यासमोर सांगितले. मुलाखत तयार झाली आणि अडकली. वायगँड यांनी कंपनीशी गुप्ततेचा करार केला होता. तो मोडण्यास प्रवृत्त केल्याबद्दल वाहिनीवरच प्रचंड रकमेचा दावा होईल, अशी भीती तिच्या कायदेतज्ज्ञांनी घातली. नोव्हेंबरात कार्यक्रम झाला, तो ही मुलाखत गाळून. पुढे जानेवारी १९९६ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने वायगँड यांची न्यायालयीन कामकाजातील साक्ष छापली, तेव्हा कोठे ४ फेब्रुवारीला मुलाखत प्रसारित झाली. दुसऱ्यांच्या धैर्याचे कौतुक करणाऱ्या वाहिनीचे स्वतःचे धैर्य कागदी वर्तमानपत्राच्या मागून आले, हे नमूद केलेच पाहिजे.

दरम्यान वायगँड यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारे पाचशे पानांचे बाड कंपनीच्या वतीने वार्ताहरांपर्यंत पोहोचवण्यात आले होते. ते स्वतः त्या काळात लुईव्हिलच्या सरकारी शाळेत मुलांना रसायनशास्त्र आणि जपानी भाषा शिकवत होते. १९९८ साली सेहेचाळीस राज्यांशी झालेल्या समझोत्यात सिगारेट कंपन्यांनी पंचवीस वर्षांत सुमारे २०६ अब्ज डॉलर देण्याचे कबूल केले. यामागे अनेकांचे श्रम होते. पण लोकांना आठवतो तो पडद्यावरचा एक चेहरा.

प्रत्येक जागल्याचा चेहरा दाखवावा काय? येथे मी थबकतो. सत्येंद्र दुबे हे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे तरुण अभियंते. सुवर्ण चतुष्कोण प्रकल्पातील गैरप्रकारांविषयी त्यांनी २००२ मध्ये पंतप्रधानांना पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते पत्र नावासह एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची गोळी घालून हत्या झाली. खटल्यात ती लुटीच्या हेतूने झाल्याचे मानले गेले. परंतु नाव फुटले कसे, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. दुबे सगळ्या देशाला माहीत झाले ते मृत्यूनंतर. जागल्यांच्या संरक्षणाच्या कायद्याला ९ मे २०१४ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली; तो अंमलात आणणारी अधिसूचना मात्र पुढे दहा वर्षे उलटली तरी निघाली नव्हती.

आता आपल्या दारातली गोष्ट. वैद्यकीय प्रवेश परीक्षेत दुसऱ्याच्या नावाने बसलेले तोतये जुलै २०१३ मध्ये आपल्या या इंदुरातच पकडले गेले आणि व्यापम प्रकरणाचा स्फोट झाला. आपल्याच मुलांच्या परीक्षेचा हा प्रश्न होता. इंदूरचे डॉ. आनंद राय, ग्वाल्हेरचे आशीष चतुर्वेदी हे त्यापायी जिवावर उदार झाले. तरी देशभरच्या वाहिन्यांनी पूर्ण लक्ष दिले ते ४ जुलै २०१५ रोजी, वार्तांकन करीत असताना, झाबुआ जिल्ह्यातील मेघनगर येथे पत्रकार अक्षय सिंह यांचा अकस्मात मृत्यू झाल्यावर. पाचच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला. सायकलवरून हिंडणारे चतुर्वेदी आणि त्यांच्या रक्षणासाठी नेमलेला पोलीस हे दृश्य मग घरोघरी पोहोचले. महिनाभराने कॅमेरे परतले. धमक्या सोसणारी माणसे येथेच राहिली.

या सभागृहात आकाशवाणीत आणि वृत्तवाहिन्यांत काम करणारे काही माजी विद्यार्थी बसलेले मला दिसतात. त्यांच्यापैकी दोघे माझ्या वर्गात होते, म्हणून अधिकाराने बोलतो. जागल्याला नाव झाकून हवे असेल तर रेडिओ वापरा; चेहरा लागत नाही, आणि शब्द दुसऱ्याच्या तोंडून वाचता येतात. नावाचीच ढाल होणार असेल, तर ते नाव तो जिवंत असताना, पुन्हा पुन्हा घ्या. आणि कार्यक्रम झाल्यावर वर्षाने त्याच्या घरी परत जा. त्याची बदली झाली काय, पगार थांबला काय, मुलांची शाळा सुटली काय, हे विचारा आणि तेही प्रसारित करा. तुमचे वरिष्ठ म्हणतील, यात बातमी कोठे आहे? तेव्हा ‘जागल्या’ या शब्दाचा पूर्ण अर्थ त्यांना सांगा. हवे तर कोश घेऊन मी स्वतः येईन.