वाटाण्याएवढे टोमॅटो
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. चारचौघींत उभे राहायचे म्हणजे पाय लटपटतात. पण मंडळाने सांगितले, "परसातले काही बोला," म्हणून परसातलेच बोलते.

आमच्या सासूबाई न्हाणीच्या सांडपाण्यावर बारक्या टोमॅटोचे वेल वाढवीत. फळ वाटाण्याएवढे, पण घोसच्या घोस लागत. हे टोमॅटोचे रानटी भावंड. याचे माहेर दूर दक्षिण अमेरिकेत, पेरू आणि इक्वेडोर देशांत. मोठ्या टोमॅटोला रोगाशी झगडण्याचे बळ यावे म्हणून शास्त्रज्ञांनी याच बारक्याशी त्याचा संकर केला आहे.

मला हे तेव्हा कुठले ठाऊक? "आई, एवढेसे कोण तोडत बसणार? बाजारात किलोने मिळतात," असे म्हणून एका उन्हाळ्यात मी ते वेल उपटून टाकले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पुढे त्या गेल्या, आणि बीही गेले.

२०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला, हे तुम्हां सर्वांना आठवत असेल. मी हट्टाला पेटले. भात कापून झाल्यावर मोठ्या टोमॅटोची वीस रोपे लावली. फुलावर आली आणि पाने हिरवी असतानाच एकेक मान टाकू लागले. सोळा गेली. एकाचे खोड कापून पेल्यातल्या पाण्यात धरले, तर पांढरट धागा खाली उतरला. हा जिवाणूचा मर रोग. आपल्या कोकणच्या उष्ण, दमट मातीत तो मुक्काम करतो. असे रोप मुळासकट काढून जाळावे, आणि त्या जागी तीन-चार वर्षे टोमॅटो, वांगी, मिरची लावू नये.

मी डोक्याला हात लावून बसले होते. तेवढ्यात शेजारच्या काकू पदराच्या गाठीतून चिमूटभर बी घेऊन आल्या. म्हणाल्या, "तुझ्या सासूनेच दिले होते गं. मी दरसाल लावते. तुझेच तुला घे."

भगिनींनो, मला रडू आवरेना. घरात होते ते मी घालवले; सासूबाईंनी दिले होते तेवढेच उरले.

आता कृती सांगते. दसऱ्याच्या सुमारास उंचवट्यावर, पाणी तुंबणार नाही अशा जागी बी टाकावे. वेल पसरतो, म्हणून कुंपणावर किंवा काटक्यांवर चढवावा. मोठ्या टोमॅटोपासून दूर ठेवावा, नाहीतर परागाची भेसळ होते. बियांसाठी पिकलेली फळे वाटीत कुस्करून, थोडे पाणी घालून दोन दिवस ठेवावी. बुळबुळीत साल सुटली की चाळणीत धुऊन, सावलीत वाळवून, राखेत घालून बाटलीत ठेवावे. फळे मूठभर सुकटीत टाकली की चिंच लागत नाही. सार तर फारच रुचकर होते.

आज मी पुड्या करून आणल्या आहेत. प्रत्येकीने एक न्यावी, आणि पुढच्या वर्षी दोघींना द्यावी. माझे वेल पुन्हा गेले, तर मी तुमच्याच दारी येईन.

एवढे बोलून माझे चार शब्द पुरे करते.