कान दुखतो तेव्हा एकच औषध पुरत नाही



कपाशीवर एकच औषध फवारत राहिले की अळी ते पचवते, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. कानाचेही तसेच आहे.

पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. पेनिसिलिन तिथे तयार झाले. पुढे तिथल्याच शास्त्रज्ञांनी स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या जंतूपासून हमायसिन काढले. ते बुरशी मारते. जंतूच्या नावातच पिंपरी आहे! पण कानाच्या नळीतला रोग हाडापर्यंत गेला, की बहुतेक वेळा त्यामागे सूडोमोनास हा जंतू असतो. त्याला साधे पेनिसिलिन चालत नाही, हमायसिनही नाही.

म्हणून उपाय एकत्र करावे लागतात. डॉक्टरांकडून कान पुनःपुन्हा साफ करून घ्यायचा. पू तपासून जंतू ओळखायचा. त्याला लागू पडणारे औषध सहा आठवडे, कधी त्याहून जास्त घ्यायचे. रक्तातली साखर आटोक्यात ठेवायची. गरज पडली तर सडलेला भाग काढायचा. यातले एक सुटले तरी रोग उलटतो.

हा रोग जास्त करून मधुमेही म्हाताऱ्यांना गाठतो. रात्री झोपू न देणारी कळ, वाहणारा कान आणि वाकडे झालेले तोंड या त्याच्या खुणा. अशा कानात तेल घालू नका, काडी घालू नका. वेचणी आटोपली की बघू, पोरगा चाकणच्या कारखान्यातून सुटीला आला की बघू, असे आम्ही गावोगाव ऐकतो. तोवर हाड पोखरले जाते. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा.