ज्ञानबाजीपासून संगणकीय खेळापर्यंत

(सुवर्णमहोत्सवानिमित्त पाठशाळेच्या शिक्षक-पालकांपुढे दिलेले व्याख्यान)



वर्गात व्हिडिओ गेम आणावा का, हा प्रश्न ऐकताच अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. ती चिंता निराधार नाही. परंतु खेळातून शिकवणे जैन समाजाला परके नाही. आपल्या पूर्वजांकडे ८४ घरांची ज्ञानबाजी होती. पर्युषणात ती खेळली जाई. सद्गुणाची शिडी वर नेई, दुर्गुणाचा साप खाली आणी. मोह केवळ दबलेला असतो, म्हणून अकराव्या गुणस्थानावरून जीव खाली येतो, हे मुले पाठ करतात. पण सोंगटी घसरली की पतनाचा अर्थ त्यांना उमगू लागतो.

हाच भारतीय खेळ एकोणिसाव्या शतकात इंग्लंडला गेला. कालांतराने घरांतील नावे पुसली गेली आणि उरली ती केवळ शर्यत. खेळ तोच, अर्थ गेला, शिकवणही गेली.

आता संगणकाकडे वळू. १९७१ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात तीन तरुण शिक्षकांनी इतिहासाच्या वर्गासाठी ‘द ओरेगॉन ट्रेल’ हा खेळ रचला. त्या वेळी पडदाही नव्हता. उत्तरे कागदावर टंकित होऊन येत. पश्चिमेकडे निघालेल्या प्रवाशांचे अन्न, पैसा, औषध यांचा हिशेब विद्यार्थ्यांनी करायचा. हिशेब चुकला तर प्रवास अर्ध्यावर संपे. स्थलांतराचे कष्ट त्यांना असे अनुभवास आले. परंतु त्यात अन्नासाठी शिकारही होती. शिवाय ती भूमी ज्यांची होती, त्या मूलनिवासींची बाजू त्यात पुरेशी नव्हती. २०२१ च्या आवृत्तीत ती उणीव दूर करण्याचा प्रयत्न झाला. असा खेळ वर्गात आला, तर ‘दुसरा मार्ग होता का?’ हे कोण विचारणार? यंत्र नव्हे, शिक्षकच.

२०१६ साली ‘माइनक्राफ्ट’ची शालेय आवृत्ती आली. ठोकळ्यांवर ठोकळे रचून त्यात वास्तू उभारता येते. आपली मुले समवसरणाचे तीन कोट आणि बारा सभा त्यात रचू शकतील; रचताना मोजमाप करतील, ग्रंथ उघडतील, प्रश्न विचारतील.

म्हणून माझी तीन नम्र निवेदने आहेत. जिथे हिंसेला बक्षीस मिळते, तो खेळ पाठशाळेत नको. वेळेची मर्यादा असावी आणि खेळात पैसे देऊन वस्तू घेण्याची सवय लागू नये. परिग्रह-परिमाणाचा तो पहिला धडा ठरेल. आणि जितका वेळ खेळ, तितकाच वेळ आलोचना: मी काय निवडले, का निवडले, कोणाला त्रास झाला?

संस्थेने संगणक जरूर घ्यावेत. परंतु त्याआधी आपल्या शिक्षिकांना यासाठी तयार करावे. अन्यथा ज्ञानबाजीची शर्यत झाली, तसेच याचेही होईल. पन्नास वर्षे या संस्थेने पाठशाळेचा दीप तेवत ठेवला. दिवा नवा असो. ज्योत तीच राहो.

जय जिनेंद्र!