एसी बंद? आधी रिले तपासा

नवा रायपुरात, मे महिन्यात गाडीचा एसी बंद पडला की लगेच कॉम्प्रेसर बदलू नका. रिले काढा, इंजिन, एसी सुरू ठेवून सॉकेटमध्ये मीटर लावा.

85-86 म्हणजे हुकूम, 30 ते 87 म्हणजे रसद. दोन्ही पिनांमध्ये 12 व्होल्ट आहेत? हुकूम आला. 30 वरही आहेत? मग त्याच नंबरचा चांगला रिले लावा. तरी चालेना, तर 87 पासून क्लचपर्यंतची वायर आणि अर्थ बघा.

30 कोरडा असेल तर फ्यूज. हुकूमच नसेल तर प्रेशर स्विच. गॅस कमी झाला की तो कॉम्प्रेसर थांबवतो. अशा वेळी 30-87 तारेने जोडून गाडी पळवू नका. तेल गॅसबरोबर फिरतं. ते मिळालं नाही तर धडधाकट कॉम्प्रेसर जाम होईल.